मोंती फेस्त : नव्या भाताचे घरगुती पर्व

नव्या पिकाचा पहिला दाणा देवाला अर्पण केल्यावाचून आपण तोंडात घालू नये, हा संस्कार आपल्या घरांत फार पुरातन आहे. वैदिक काळी नवे धान्य हाती आले म्हणजे ते खाण्यापूर्वी आग्रयण इष्टी करीत असत. तो विधी आज मोजक्या अग्निहोत्र्यांपुरता उरला असला, तरी त्यामागची भावना कोकणातल्या साध्या शेतकऱ्याच्या ओटीवर अद्याप नांदते आहे. आश्विनातील पौर्णिमेला तिकडे नव्याची पौर्णिमा म्हणतात. भाताच्या लोंब्या, नाचणीचे कणीस, आंब्याचे पान आणि कुरडूचे फूल ह्यांची जुडी करून ती दारावर बांधायची, ह्याला 'नवे' बांधणे असे नाव आहे. गोव्यात हाच सोहळा गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी होतो. नव्याच्या पंचमीला शेतातील कोवळी कणसे घरी आणून ती गणरायासमोर ठेवली जातात.

हीच भावना, आणि आश्चर्याची गोष्ट म्हणजे जवळजवळ हेच नाव, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील एका ख्रिस्ती समाजाच्या घराघरांत आढळते. कर्नाटकातील मंगळूर आणि उडुपी ह्या भागांत कोंकणी बोलणारे कॅथलिक लोक मोठ्या संख्येने राहतात. दर वर्षी ८ सप्टेंबरला हे लोक 'मोंती फेस्त' साजरे करतात. त्या दिवशी चर्चमध्ये भाताची नवी कणसे आशीर्वादित होतात, घरी आणली जातात, आणि त्यांतले दाणे पायसात घालून सारे कुटुंब एकत्र बसून सेवन करते. ह्या नवान्नाला ते 'नवें' म्हणतात. जेवण केळीच्या पानावर वाढलेले असते. भाज्यांची संख्या विषम असावी असा दंडक असतो, आणि त्या दिवशी पानात मासा वा मांस येत नाही.

हे वर्णन वाचून आपल्या वाचक भगिनींना क्षणभर वाटेल, की हे तर आमच्याच स्वयंपाकघराचे वर्णन झाले! ते तसे का भासावे, आणि ह्या सणाचे अंतरंग काय आहे, हे भाद्रपदाच्या ह्या दिवसांत समजून घेण्यासारखे आहे.

मरियेचा जन्मदिन

८ सप्टेंबर हा कॅथलिक पंचांगात येशू ख्रिस्ताची माता मरिया हिचा जन्मदिन आहे. आपल्याकडे संतांच्या जयंत्या आणि पुण्यतिथ्या अशा दोन्ही पाळल्या जातात. कॅथलिक चर्चची प्रथा मात्र बहुतांशी पुण्यतिथीची आहे. संताचा देह ज्या दिवशी ठेवला गेला, तोच त्याचा स्वर्गातला जन्म, असे तेथे मानतात. ह्या नियमाला ठळक अपवाद तीनच: २५ डिसेंबरला येशूचा, २४ जूनला संत योहान बाप्तिस्ता ह्याचा, आणि ८ सप्टेंबरला मरियेचा जन्मदिन. मरियेच्या आईबापांची नावे बायबलात येत नाहीत. योआकिम आणि अन्ना ही ती नावे दुसऱ्या शतकातील एका प्राचीन ग्रंथातून परंपरेत आली. दीर्घकाळ अपत्य नसलेल्या ह्या वृद्ध दांपत्याला देवाने कन्यारत्न दिले, अशी ती कथा आहे.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. आपण सहजपणे मरियेला देवी म्हणून टाकतो. ख्रिस्ती धर्मशास्त्र तसे मानीत नाही. उपासना एका परमेश्वराचीच, आणि मरियेला मान देवाच्या मातेचा, असा भेद तेथे काटेकोरपणे सांभाळला जातो. भक्त तिच्यापाशी गाऱ्हाणे घालतो ते तिने आपल्यासाठी देवाकडे रदबदली करावी म्हणून. कोंकणीत तिला 'सायबीण' म्हणतात. सायबीण म्हणजे धनीण, घरची मालकीण. साम्ये पाहून हुरळून जाताना हा भेद आपण विसरू नये, म्हणजे शेजाऱ्याच्या श्रद्धेचा खरा आदर होतो.

ह्याच तिथीला तमिळनाडूतील वेलंकणीच्या उत्सवाची सांगता होते. मुंबईकरांना तर वांद्र्याच्या डोंगरावरील मोतमाउलीची जत्रा चांगलीच परिचित आहे. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होणाऱ्या त्या आठवडाभराच्या जत्रेत मेणबत्त्या वाहणाऱ्यांमध्ये कितीतरी हिंदू कुटुंबे असतात. परंतु मंगळूरच्या मोंती फेस्ताचे वैशिष्ट्य असे, की त्याचे अर्धे अंग चर्चमध्ये आणि अर्धे घरच्या पानावर असते.

गोव्याहून कानडा मुलखात

'मोंती' हा शब्द पोर्तुगीज 'मोंत' म्हणजे डोंगर ह्यावरून आला. मंगळूरच्या पूर्वेस नेत्रावती नदीच्या काठी फरंगीपेट नावाचे गाव आहे. तेथे फ्रान्सिस्कन साधूंनी स्थापिलेले 'मोंती मारियानो', म्हणजे मरियेचा डोंगर, ह्या नावाचे चर्च आहे. फादर जोआकिम मिरांडा ह्या गोमंतकीय धर्मगुरूंनी १७६३ मध्ये येथे हे फेस्त सुरू केले, असे परंपरा सांगते. चर्चचे नाव सणाला मिळाले आणि सण सगळ्या जिल्ह्यात पसरला.

ह्या समाजाचे मूळ गोव्यातले. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत अनेक कुटुंबांनी गोवा सोडून दक्षिणेची वाट धरली. दुष्काळ, रोगराई, राज्याराज्यांतील लढाया, आणि १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायालयाचा, जाच अशी त्याची अनेक कारणे होती. त्याच वाटेने सारस्वत हिंदू कुटुंबेही आपले देव घेऊन कानडा मुलखात उतरली, हे आपण जाणतोच. केळदीच्या नायकांनी ह्या आगंतुकांना आश्रय दिला. हे ख्रिस्ती लोक कसबी शेतकरी होते. पडीक जमीन लागवडीस आणून त्यांनी भातशेती पिकवली. गोव्यात १७३६ साली धर्मन्यायालयाने हुकूम काढून नवख्रिस्ती लोकांच्या घरांतील कित्येक जुन्या चालीरीतींवर बंदी घातली. लग्नकार्यातील प्रथांपासून स्वयंपाकाच्या पद्धतीपर्यंत त्या हुकुमाचा हात पोहोचला होता. कानडा मुलूख मात्र पोर्तुगीज सत्तेच्या कक्षेबाहेर होता. धर्म ख्रिस्ती आणि घरची रीत कोंकणी, अशी दुहेरी वीण तेथे पुष्कळ अंशी शाबूत राहिली.

पुढे १७८४ मध्ये ह्या समाजावर मोठे अरिष्ट आले. टिपू सुलतानाने तेथील ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेले. चर्चे पाडली गेली, घरेदारे आणि शेते सुटली, कित्येक जण वाटेतच दगावले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर जे वाचले ते परतले. पंधरा वर्षांच्या बंदिवासानंतर आलेल्या माणसाला आपल्या मातीत उगवलेल्या पहिल्या लोंबीचे मोल काय वाटले असेल, ते वेगळे सांगावयास नको. ज्या समाजाची शेते एकदा हातची गेली होती, त्याच समाजाने नव्या दाण्याचे पर्व इतक्या निष्ठेने जपावे, ह्यात आम्हांस तरी नवल वाटत नाही.

फुलांचे नऊ दिवस

फेस्ताची तयारी ३० ऑगस्टपासून सुरू होते. तेव्हापासून ७ सप्टेंबरपर्यंत नऊ दिवस चर्चमध्ये 'नोवेना' म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना चालते. ह्या दिवसांचे मानकरी म्हणजे लहान मुले. पावसाने न्हालेल्या परसातली आणि कुंपणावरची फुले तबकात, टोपलीत गोळा करून ती रोज चर्चमध्ये नेतात, आणि कोंकणी गीत गात बालमरियेच्या मूर्तीवर त्या फुलांची वृष्टी करतात. आपल्याकडे श्रावणातल्या मंगळागौरीला मुली पत्री गोळा करतात, तशीच ही धांदल. कोणाच्या परसातला झेंडू आधी फुलला आणि कोणाच्या कुंपणावर जास्वंद उरली नाही, ह्याची खबर त्या दिवसांत मुलांना मोठ्यांहून अधिक असते.

आठव्या तारखेच्या सकाळी भाताच्या कणसांची जुडी मिरवणुकीने आणतात आणि धर्मगुरू तिला आशीर्वाद देतात. पिकाचे पहिले फळ देवाचे, हा विचार बायबलाच्या जुन्या करारातही स्पष्टपणे आला आहे. कापणीची पहिली पेंढी याजकाकडे आणावी आणि ती देवापुढे अर्पण होईपर्यंत नवे धान्य खाऊ नये, अशी आज्ञा तेथे आहे. म्हणजे कोंकणी शेतकऱ्याची जुनी चाल आणि त्याने स्वीकारलेल्या धर्माचा ग्रंथ ह्या दोहोंची गाठ एका लोंबीत पडली. गोव्यातही ह्याच स्वरूपाचे 'कणसांचे फेस्त' असते. राय गावात ते ५ ऑगस्टला होते आणि तेथे धर्मगुरू स्वतः शेतात जाऊन विळ्याने पहिली कणसे कापतात. मुंबईच्या मूळच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' हा कापणीचा सण होतो. मंगळूरकडच्या तुळूभाषक हिंदू घरांतही नव्या भाताच्या कणसांचा मान आणि 'पुद्दार' म्हणजे नवान्नाचे जेवण असते. एकाच पावसाने पिकवलेल्या भाताचे हे निरनिराळे सोहळे आहेत.

चर्चमधील विधी आटोपला म्हणजे प्रत्येक कुटुंबाला काही कणसे मिळतात, आणि नऊ दिवस फुले वाहणाऱ्या मुलांच्या हातांत उसाची कांडी पडते. तो ऊस दाताने सोलीत घरी परतणारी मुले हे मोंती फेस्ताचे ठरलेले दृश्य आहे.

केळीच्या पानावर

घरी आणलेली कणसे प्रथम देव्हाऱ्याशी, म्हणजे कोंकणीत 'आल्तार' म्हणतात त्यापाशी, ठेवतात. सप्टेंबरच्या आरंभी भात नुकते भरत आलेले असते. दाणा कोवळा, अंगात ओल धरलेला. म्हणून तो सुकवून, टरफल काढून, कुटून वा वाटून घ्यावा लागतो. असे मोजकेच दाणे निघतात. त्यांची पूड नारळाच्या दुधात, गाईच्या दुधात किंवा पायसात मिसळली जाते.

पायसाचा घरगुती प्रकार म्हणजे 'वोरन'. आपल्या सुगरण भगिनींसाठी त्याची रीत सांगतो. वाटीभर चणाडाळ किंवा मूगडाळ मऊ शिजवावी, पण तिचा लगदा होऊ देऊ नये. एका नारळाचे दूध काढावे. पहिले दाट दूध वेगळे ठेवून दुसऱ्या, पातळ दुधात ती डाळ आणि चवीप्रमाणे गूळ घालून मंद आचेवर एकजीव होऊ द्यावे. चिमूटभर मीठ घालावे. दाट दूध अगदी शेवटी घालावे आणि त्यानंतर उकळी येऊ देऊ नये, नाही तर दूध फाटते. उतरवताना वेलचीची पूड आणि आवडीप्रमाणे काजू घालावेत. नव्या दाण्यांची पूड ह्यात मिसळली म्हणजे 'नवें' सिद्ध झाले.

भाज्या पाच, सात वा नऊ, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे; संख्या विषम हवी एवढेच. अळू, भेंडी, तोंडली, चवळी, पडवळ, कारले, वालीची भाजी, मंगळूरी काकडी अशा त्या असतात. यादी पाहिली की ध्यानात येते, की पावसाळ्यात परसात आणि कुंपणावर जे जे पिकते, ते ते पानावर येते. अळूत आंबाडे घालतात. आंबाड्याच्या आंबटपणाने अळूची खाज जाते, हे कोकणातल्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. वाफवलेल्या मऊ 'सान्ना' सोबतीला असतात, आणि ओल्या नारळाचा हात सढळ असतो.

आता हे जेवण शाकाहारी का? ह्या समाजाच्या इतर सणांत मांस-मासळीला मानाचे पान असते. ८ सप्टेंबर हा चर्चच्या नियमाने उपवासाचा दिवस नव्हे. चर्चची तशी आज्ञा नसता घरच्या वडीलधाऱ्यांनी ही चाल पाळली आणि सुनांनी ती पुढे चालवली. नवे धान्य पानात यावयाचे त्या दिवशी पान सात्त्विक असावे, ही समजूत धर्मांतराच्या शतकांतून टिकून राहिली ती कोणत्या पोथीच्या बळावर टिकली नाही. ती चुलीपाशी टिकली.

आपली ऋषिपंचमी येथे साहजिकच आठवते. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे अन्न आपण वर्ज्य करतो आणि परसातल्या अळू-भेंडी-पडवळाची भाजी रांधतो. मोंती फेस्तात नांगरटीच्या पिकाचा पहिला दाणा खातात, आणि त्यासोबत परसातल्या त्याच भाज्या असतात. एकीकडे नांगराच्या अन्नाचा त्याग, दुसरीकडे त्याच्या पहिल्या फळाचा स्वीकार. परंतु दोहोंतही शेतीचे ऋण मनात आहे. २०२४ साली गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला आली. त्यामुळे ८ सप्टेंबरला एकाच दिवशी महाराष्ट्रात ऋषिपंचमीची भाजी, गोव्यात नव्याची पंचमी आणि मंगळूरला मोंती फेस्त, असा तिहेरी योग जुळून आला होता.

दूर गेलेल्यांचा वाटा

पाने मांडून झाली म्हणजे सारे कुटुंब आल्तारासमोर जमते. प्रार्थना होते. मग घरातला ज्येष्ठ पुरुष किंवा स्त्री प्रत्येकाला 'नवें' देते. लहान मोठ्यांकडून 'बेसांव' म्हणजे आशीर्वाद घेतात. त्या वर्षी घरात नवी सून आलेली असेल, तर तिचे कौतुक अधिक. तोपर्यंत जेवणाला कोणी हात लावीत नाही. पहिला दाणा एकट्याने खायचा नसतो, तो सर्वांनी 'सांगाता', म्हणजे सोबतीने खायचा असतो.

येथेच ह्या सणाचे मर्म आहे असे आम्हांस वाटते. सर्वांनी मिळून खावयाचे, तर जो घरी नाही त्याचे काय? मंगळूरच्या घरांत हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. नोकरी-व्यवसायासाठी ह्या समाजाची माणसे प्रथम मुंबईला आली आणि १९७० नंतर आखाती देशांत गेली. आता तर ती जगभर पांगली आहेत. तेव्हा आईने एक तोड काढली. आशीर्वादित कणसांतले चार दाणे कागदात बांधून ते पत्राच्या पाकिटात घालायचे आणि टपालात टाकायचे. गिरगावच्या वा माझगावच्या खोलीत राहणाऱ्या मुलाने ते पाकीट फोडायचे, दाणे सोलून कुटायचे, पेलाभर दुधात घालायचे आणि प्रार्थना करून प्यायचे. पाकीट फेस्तानंतर पोचले तरी हरकत नसे. दाणा पोटात गेला म्हणजे तो मुलगा त्या पंगतीत बसला, असे धरले जाई.

चार दाण्यांनी कोणाचे पोट भरत नाही. परंतु कुटुंबाच्या पंगतीत तुझे पान मांडलेले आहे, हा निरोप त्यांतून पोहोचतो. आपल्या आया परगावच्या मुलासाठी गणपतीचा प्रसाद, पंचखाद्य, देवीचा अंगारा पुडीत बांधून ठेवतात. त्या पुडीचे आणि ह्या पाकिटाचे गोत्र एकच आहे. आज आवाज आणि चित्र क्षणात समुद्रापार जाते. फेस्ताच्या दिवशी दुबईतला मुलगा दूरध्वनीच्या पडद्यावर घरची पंगत डोळ्यांनी पाहू शकतो. तरी पडद्यावरून दाणा हाती देता येत नाही. तो कोणीतरी खिशात घालून न्यावा लागतो किंवा टपालाने धाडावा लागतो. कित्येक देशांनी कच्चे धान्य आणि बियाणे सीमेपलीकडून आणण्यावर निर्बंध घातले आहेत, ही अडचण निराळीच. मुंबईत आणि परदेशांत जेथे जेथे मंगळूरी कुटुंबे वसली आहेत, तेथे तेथे आता मोंती फेस्त साजरे होते, ह्याचे कारण ह्या अडचणीत आणि ह्या ओढीत आहे.

शेत उरले नाही, तर?

परंतु ह्याहून मोठा प्रश्न मूळ गावातच उभा राहिला आहे. ज्या शेतातली लोंबी चर्चमध्ये न्यावयाची, ते शेतच पुष्कळांकडे उरलेले नाही. १९७४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात जमीन सुधारणेचा कायदा कडकपणे अमलात आला आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीचा हक्क मिळाला. ते न्यायाचेच झाले. ह्या ख्रिस्ती समाजातही कुळे होती आणि जमीनदारही होते. पण पुढे वाटण्या होऊन तुकडे पडले, मजूर मिळेनासे झाले, भाताला परवडणारा भाव राहिला नाही. भाताच्या खाचरांत सुपारीच्या बागा उभ्या राहिल्या, शहराजवळच्या शेतांवर इमारती चढल्या. शहरातल्या चर्चना आता कणसे खेड्यांतून आणावी लागतात, आणि ज्यांच्या हाती ती पडतात त्या मुलांपैकी अनेकांनी चिखलात पाय घालून कधी भात लावलेले नाही.

मग हा सण आता केवळ देखावा उरला काय? असा प्रश्न त्या समाजातले विचारी लोक स्वतःलाच विचारीत असतील. तो आपणही स्वतःला विचारला पाहिजे. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दादरच्या बाजारात भाताच्या लोंब्या ओवलेली तोरणे विकत मिळतात. ती आपण घासाघीस करून आणतो, दारावर लावतो. ती लोंबी कोणाच्या शेतातली, कोणी लावली, कोणी कापली, त्या वर्षी त्या शेतात पाऊस कसा झाला, ह्याचा विचार आपल्या मनाला क्वचितच शिवतो. आपले नवान्नही शेतापासून तितकेच दूर आले आहे.

आम्हांस असे वाटते, की विकत घेतलेल्या लोंबीने सण खोटा ठरत नाही. आपण आपल्या हाताने जे पिकवीत नाही, त्याविषयी तर कृतज्ञतेची गरज अधिक. शेतकऱ्याला पिकाची आठवण करून द्यावी लागत नाही. ज्याचे धान्य पिशवीतून घरात येते, त्याला मात्र वर्षातून एकदा तरी थांबून तो दाणा हातात घेऊन पाहावा लागतो. नव्या दाण्याचे पर्व हे असे थांबणे आहे. मोंती फेस्ताच्या घरांत हे थांबणे अजून आहे. कणीस बाहेरून येते, परंतु दाणे घरीच सोलले जातात, घरीच कुटले जातात, आणि सगळे जमल्याखेरीज कोणी पानावर हात ठेवीत नाही. अलीकडच्या वर्षांत त्या भागात पडीक राहिलेल्या काही खाचरांत तरुण मंडळींनी एकत्र येऊन पुन्हा भातलावणी केली, ही वार्ताही आशादायक आहे. सण आधी, शेत नंतर, असा उलटा क्रम लागला तरी तो स्वागतार्हच म्हणावा लागेल.

सण टिकतात ते कशाने, ह्याचा विचार करताना आपण मंदिरातली गर्दी, मंडपांची उंची, मिरवणुकीची लांबी मोजीत बसतो. मंगळूरच्या ह्या पर्वाने बंदिवास पाहिला, स्थलांतर पाहिले, जमिनी हातच्या जाताना पाहिल्या. तरीही ते चालू आहे, ह्याचे श्रेय त्या घरांतील बायकांना द्यावे लागेल. त्यांनी पंगतीला न आलेल्यांची आठवण ठेवून चार दाणे बाजूला काढले. हे काम लहान आहे, पण ते दर वर्षी करावे लागते आणि ते दुसऱ्या कोणाकडून करवून घेता येत नाही.

मुंबईत, पुण्यात आपल्यांपैकी पुष्कळांच्या शेजारी मंगळूरकडचे एखादे कुटुंब राहत असेल. नाताळात आपण त्यांच्याकडचा केक आनंदाने खातो. ह्या वर्षी ८ सप्टेंबरला त्यांच्या दारावर थाप द्यावी, मोंती फेस्ताच्या शुभेच्छा द्याव्यात, आणि जमल्यास आपल्या घरच्या नैवेद्यातली एखादी वाटी सोबत न्यावी. त्या दिवशी त्यांच्या पानावर जे असेल ते खाण्यास आपल्या सोवळ्या-ओवळ्याचीही आडकाठी यावयाची नाही. वाटी परत येईल ती बहुधा वोरनाने भरलेली असेल. त्यात नव्या भाताचा एखादा कण लागला, तर ज्याने तो पिकवला त्या अनोळखी शेतकऱ्याचे आणि ज्याच्या कृपेने तो पिकला त्या परमेश्वराचे स्मरण करावे, आणि आपल्या घरातले जे कोणी दूर असेल, त्याच्यासाठी प्रसादाची पुडी आठवणीने बांधून ठेवावी.